पाचवा टायर

सोनूबाईच्या घरात त्या माघात भांडण लागलं ते टायरवरून. लोकांच्या घरी बांधावरून लागतं, वाटणीवरून लागतं, सुनेच्या माहेरावरून लागतं. हिचा नवरा भाऊसो आणि हिचा पोरगा संग्राम, दोघं बापलेक, एका स्टेपनीवरून तोंडं फिरवून जेवायला बसत होते, आणि मधे बसून भाकरी थापणाऱ्या सोनूबाईला दोघांचाही सारखाच संताप येत होता.

गाडी म्हणजे पिकअप. बौद्धवाड्यातली पहिली चारचाकी. भाऊसोनं उभा जन्म दुसऱ्यांची चाकं फिरवली, कारखान्याला ऊस ओढला, तेव्हा कुठं ही दारात उभी राहिली. तिच्यावर दुधाची फेरी होती. सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेचे क्यान उचलायचे, पुढं माळवाडीचे, त्याच्या पुढं नदीकाठच्या खोतवाडीचे, आणि दूध नासायच्या आत कुरुंदवाडपलीकडच्या चिलिंग सेंटरवर पोचवायचे. ही फेरी होती म्हणून घर होतं. शेत म्हणाल तर ओढ्याकडेला चतकोर तुकडा, त्यात पावसाळ्यात मासे जास्त आणि जोंधळा कमी.

फेरी मिळाली तेव्हा पहिलं वर्षभर भाऊसोनं क्यानला हात लावला नव्हता. लावू नको असं कुणी म्हणालं नव्हतं. पण गाडी संस्थेच्या कट्ट्याला लागली की संस्थेची पोरं आपणहून पुढं व्हायची, क्यान चढवायची, आणि भाऊसो स्टिअरिंगवर बसून आरशात बघत राहायचा. पुढं पोरांनाच कंटाळा आला आणि एक दिवस कुणीतरी त्याला क्यानची एक बाजू धरायला सांगितलं. भाऊसो घरी येऊन ती गोष्ट दोनदा सांगत बसला. सोनूबाईला काही तिचं कौतुक वाटलं नाही. ज्या दुधाला हात लावायला वर्ष लागलं, त्या दुधाचं काय कौतुक करायचं, असं ती तेव्हाच बोलून मोकळी झाली होती.

गळीत हंगाम सुरू झाला की त्या भागातले रस्ते रस्ते राहत नाहीत. दोन-दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर जातात आणि काळ्या मातीत गुडघाभर चाकोऱ्या पडतात. मधे मातीचा कणा उभा राहतो. पिकअपचं पोट त्या कण्यावर घासायचं, मागच्या चाकांमधला दांडा अडकायचा, आणि क्यानांनी भरलेली गाडी रस्त्यात म्हशीगत बसायची. संग्रामनं एक हंगाम ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरकी केली होती, त्या कमाईतून त्यानं शाहूपुरीतल्या टायरवाल्या मीरासाबकडून चार मोठे टायर आणून बसवले. रुंद, खोल नक्षीचे, मूळच्यापेक्षा उंच. गाडी चाकोरीतून न घासता जायला लागली. दूध वेळेवर जायला लागलं. चिलिंग सेंटरवरच्या साहेबानंही मान डोलावली.

आणि गाडी दोन बोटं उंच झाली.

हे दोन बोटांचं माप सोनूबाईनं काढलेलं नाही, ते हंबीररावांनी काढलं. हंबीरराव संस्थेचे चेअरमन. सगळं गाव त्यांना आबासाब म्हणतं. रोज सकाळी ते आपली जीप कट्ट्यालगत लावून पायरीवर दूध घालणाऱ्यांचा राबता बघत बसत, आणि भाऊसोची गाडी येऊन त्या जीपला खेटून उभी राही. इतकी वर्षं दोन्हींची बॉनेटं एका रेषेत होती. मोठे टायर बसले त्या सकाळी आबासाबांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं आणि हसत म्हणाले, भाऊसो, गाडी लई उंच केलीस, आता आमाला खालनं बघाय लागतंय. कट्ट्यावरची माणसं हसली. भाऊसोही हसला. दुसऱ्या दिवशी ते परत तेच म्हणाले, पण हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले की क्यान चढवायला पोरांना उंच पडतंय. तेव्हा कट्ट्यावर कुणीच हसलं नाही.

हे सगळं सोनूबाईला शेजारच्या तानाबाईकडून कळलं. ती शेणामुतासाठी पाटलांच्या गोठ्यात जायची, तिच्या कानावर गाव असायचं. भाऊसोनं घरी ब्र काढला नाही.

राहता राहिली स्टेपनी. चार चाकं मोठी झाली, पण पाचवं, गाडीच्या पोटाखाली पाळण्यात टांगलेलं, ते जुनंच होतं, बारकं. संग्रामचं म्हणणं साधं होतं. चाक बदलायची वेळ आली की तीन मोठी आणि एक बारकं अशी गाडी भरलेल्या क्यानांनिशी चालणार कशी? एका अंगावर लंगडत जाईल, मागच्या दांड्यातली दातेरी चाकं एकमेकांना खातील. पाचवा टायरही मोठाच पाहिजे. भाऊसोचं म्हणणं त्याहून साधं होतं. नको.

"आप्पा, का नको ते तरी सांगा," संग्राम म्हणायचा.

"पाळण्यात बसत न्हाय."

"मग हौद्यात उभा करू, केबिनच्या मागं. लोखंडी पट्टी मारून."

"दोन क्यानांची जागा जातीया. आणि लांबनं दिसतंय ते."

"दिसू दे की. चोरीचा हाय व्हय?"

ह्याच्यावर भाऊसो उठून हात धुवायचा. संग्राम ताट सरकवायचा. सोनूबाईला वाटायचं, दोघांच्याही डोक्यात एकेक परात घालावी. नवऱ्याचं कारण तिला पटत नव्हतं आणि पोराचा आवाज तिला सहन होत नव्हता.

त्यातच हवेचं प्रकरण निघालं. सकाळची फेरी भाऊसोची, संध्याकाळची संग्रामची. संध्याकाळी संग्राम गाडी घ्यायचा तेव्हा चारही टायर मऊ लागायचे. रोज. कुरुंदवाडच्या स्टँडजवळ तो हवा भरायचा, दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यानं व्हॉल्व्हच्या पिना बदलल्या, ट्यूबा पाण्यात बुडवून बघितल्या, एकही बुडबुडा नाही. शेवटी शाहूपुरीला जाऊन मीरासाबला दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, तू मला भंगार ट्यूबा गळ्यात मारल्यास म्हणून वाट्टेल ते बोलून आला. ओळख मीरासाबच्या बापापासूनची, भाऊसो चालवायचा त्या ट्रॅक्टरची चाकं त्यानं काढली होती. म्हाताऱ्या मीरासाबनं चौघांसमोर ऐकून घेतलं, चार नव्या ट्यूबा काढून दिल्या, आणि परत दुकानात पाय ठेवू नको एवढंच म्हणाला. नव्या ट्यूबा घातल्या. हवा तरी जायचीच.

मग एका सकाळी खोतवाडीच्या अलीकडं मागचा उजवा टायर फुटला. भाऊसो एकटाच होता. जॅक लावून त्यानं ते बारकं जुनं चाक चढवलं. गाडी उजव्या अंगाला कलली, क्यान घसरून एकावर एक आले, दोनांची झाकणं उडाली, आणि मागच्या दांड्यातून असा आवाज यायला लागला की भाऊसोला पहिल्या गिअरच्या वर जायचं धाडस होईना. ऊन डोक्यावर आलं. चिलिंग सेंटरवर पोचेपर्यंत तिन्ही गावांचं दूध नासलं होतं. साहेबानं वास घेतला आणि क्यान परत लावले. परत आणलेलं दूध भाऊसोनं स्वतःच्या हातानं गटारीत ओतलं, आणि दूध घालणाऱ्या बायका कट्ट्यावर उभ्या राहून ते बघत होत्या.

संध्याकाळी संस्थेत बोलावणं आलं. बापलेक दोघं गेले. तिथं काय झालं ते संग्रामनं घरी येऊन आईला सांगितलं. हंबीरराव खुर्चीत होते, हे दोघं दाराशी उभे. सोमवारपर्यंत पहिले टायर परत घाला, गाडी होती तशी करा, नाहीतर फेरी दुसऱ्याला, असं त्यांनी सांगितलं. नाकापेक्षा मोती जड करून घेतला की असंच होतं, असंही म्हणाले. पण त्याचं संग्रामला काही नव्हतं. त्याला लागलं ते बापाचं बोलणं.

"आप्पा म्हणालं, पोराचा गुन्हा हाय. माझं ऐकलं न्हाय, टायर भंगार आणलं. माफी माग म्हणालं मला. आन् मी मागितली."

सोनूबाईनं भाऊसोकडं बघितलं. तो दाराबाहेर पाय सोडून बसला होता आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. तिला त्याचा अंगठासुद्धा बघवेना.

दुसऱ्या दिवशीची सकाळची फेरी तर चुकवता येत नव्हती. तीन मोठी चाकं, एक बारकं, अशीच गाडी काढायची होती. क्यान घसरायला नकोत म्हणून कुणीतरी हौद्यात बसून ते धरायला पाहिजे होते. संग्राम गोधडीत तोंड घालून पडला होता, उठायचं नाव घेईना. पदर खोचून सोनूबाई चढली. भाऊसो नको नको म्हणत होता, पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

गावात शिरायच्या आधी पाटाचं एक वळण आहे. तिथं बाभळी आहेत आणि गावातून ते दिसत नाही. भाऊसोनं तिथं गाडी थांबवली. सोनूबाईला वाटलं, लघवीला उतरला असेल. पण तो खाली बसला तो चाकाशी. व्हॉल्व्हची टोपी काढून ओठांत धरली, खिशातून एक काडी काढली आणि पिन दाबली. हवेचा फुसकारा तिला हौद्यात ऐकू आला. मग तो पुढच्या चाकाला गेला. मग पलीकडच्या. कानानं ऐकत होता, किती झाली, किती राहिली. माणूस रोज म्हशीची धार काढतो तशा सवयीनं तो हात चालत होता.

"काय करालायसा?" सोनूबाईनं वरून विचारलं.

तो दचकला. टोपी ओठांतून पडली. ती धुंडाळत म्हणाला, बारक्या चाकाला जुळवून घ्यायला नको व्हय, म्हणून थोडी कमी करतोय.

कारण पटण्यासारखं होतं, आणि एरवी तिनं मानलंही असतं. पण ती काडी त्याच्या खिशात आधीपासून होती. तिनं काही बोलायच्या आत त्यानं गाडी सुरू केली.

कट्ट्याला गाडी लागली. जीप उभीच होती. हंबीरराव पायरीवर बसले होते. त्यांनी नेहमीसारखी एकदा जीपच्या बॉनेटवरून आणि एकदा पिकअपच्या बॉनेटवरून नजर फिरवली. आज पिकअप मागून वाकडी होती, पण पुढून बरोबर जीपच्या रेषेला आली होती.

"बसती बग भाऊसो, रोज अशी बसती," ते म्हणाले. "तुलाच जरा मनावर घ्यावं लागतंय."

भाऊसो हसला आणि क्यान धरायला वाकला. हौद्यात क्यानांना मिठी मारून बसलेल्या सोनूबाईनं तो एक शब्द पकडला. रोज. म्हणजे इतके दिवस सकाळी बाप हवा सोडत होता आणि संध्याकाळी पोरगा भरत होता. कमी हवेचा टायर चाकोरीतून क्यानांचा भार घेऊन पोटावर चालला, आतून भाजून निघाला आणि फुटला. पोराच्या टायरला खोट नव्हती, मीरासाबच्या ट्यूबांना नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर संन्यासी दोन होते. तिला तिथंच, त्या पायरीसमोर, नवऱ्याचं नाव घेऊन ओरडावंसं वाटलं. पण तसं केलं असतं तर त्या पायरीवरच्या माणसाला आणखी एक मजा बघायला मिळाली असती. म्हणून ती गप्प बसली.

माळवाडीच्या रस्त्याला तिनं केबिनच्या पत्र्यावर थाप मारून गाडी थांबवली आणि खाली उतरली.

"कवापास्नं चाललंय हे?"

भाऊसो स्टिअरिंग धरून पुढं बघत राहिला. मग म्हणाला, "आबासाब तिसऱ्यांदा बोललं तवापास्नं. त्यांच्या डोळ्यावर यायला नको म्हणून. दोन बोटं खाली येती गाडी. फेरी टिकली पायजे की आपली."

"त्यानं सांगितलं हुतं, हवा सोड म्हणून?"

"न्हाय. त्यानी कशाला सांगतील."

"मग तुमीच शोधून काढलासा."

तिला त्या क्षणी हंबीररावांचा जेवढा राग आला नव्हता तेवढा ह्या माणसाचा आला. त्यानं सांगितलं असतं आणि ह्यानं केलं असतं, तर एक वेळ समजून घेतलं असतं. न सांगता ह्यानं केलं. रोज चाकाशी उकिडवं बसून केलं. आपल्या पोराच्या कष्टातली हवा आपल्या हातानं सोडली, आणि वर त्या पोराला दाराशी उभं करून माफी मागायला लावली. ती हे सगळं त्याला बोलली. रस्त्यानं उसाची गाडी गेली, ड्रायव्हर मान वळवून बघत गेला, तरी ती थांबली नाही. भाऊसोनं एकही शब्द परत केला नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

"हे तुमी पोराला तुमच्या तोंडानं सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "आजच. मी सांगणार न्हाय."

त्यानं सांगितलं. दुपारी, घरामागच्या परड्यात, संग्राम फुटका टायर रिमवरून उतरवत होता तेव्हा. टायरच्या आतून काळी भुकटी गळत होती. भाऊसो उभ्या उभ्या, खाली बघत, दोन-तीन वाक्यांत बोलून मोकळा झाला. सोनूबाई उंबऱ्यातून बघत होती. तिला वाटलं होतं संग्राम पहार उचलेल. त्यानं पहार खाली ठेवली. बराच वेळ तो त्या भुकटीत हात फिरवत बसला.

"मीरासाबचाचाला मी आयमाय काढून शिव्या दिल्या," एवढंच तो म्हणाला. मग उठून हात न धुताच बाहेर गेला.

शाहूपुरीला सोनूबाई स्वतः गेली. भाऊसोला बरोबर घेतलं, कारण गाडी तिला चालवता येत नव्हती. नाहीतर त्याला घरीच ठेवलं असतं. मीरासाबच्या दुकानासमोर टायरांच्या चळती होत्या आणि रबराचा जळका वास होता. म्हातारा त्यांना बघून उठला नाही. सोनूबाईनं स्टुलावर बसायच्या आधी सांगून टाकलं.

"ट्यूबा धड हुत्या मीरासाबभाऊ. पिना बी धड हुत्या. खोट आमच्या घरात हुती. पोराला माहीत नव्हतं."

मीरासाबनं भाऊसोकडं बघितलं. भाऊसो टायरांच्या नक्षीत बोट घालत होता. काय खोट, ते म्हाताऱ्यानं विचारलं नाही. त्यानं चहा सांगितला. चहा येईपर्यंतचा वेळ सोनूबाईला शिवीपेक्षा जड गेला.

मग त्यानं टायर दाखवले. फुटक्याच्या जागी घालायला त्याच मापाचा एक नवा आधी बाजूला काढला, राहिला पाचवा. मोठ्या मापाचा एक रिमोल्ड होता, जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, पण जीव असलेला. आणि दुसरा एक होता, मधल्या मापाचा. जुन्यापेक्षा मोठा, नव्यापेक्षा थोडा कमी. तो बघितल्याबरोबर भाऊसोचे डोळे उजळले. त्यानं वीत लावून मापलं.

"हा पाळण्यात बसतोय," तो म्हणाला. "हाच घेऊया. खाली राहील, कुणाला दिसायचा न्हाय. अडीनडीला फुडं चालून जाईल."

"फुडं घातला तर चालंल," मीरासाब म्हणाला. "मागं घालून दूध भरलं, की दांडा बोंबलणार. टायर सांगून फुटत न्हाय, पावणं, मी फुडं फुटतो म्हणून."

भाऊसो तरी तो मधला सोडेना. आपण पुढचं चाक काढून मागं घालू, मधला पुढं घालू, दोनदा जॅक लावावा लागेल, लागू दे, असं तो हिशोब मांडत होता. सोनूबाई ऐकत होती. हा माणूस रस्त्यात, उन्हात, क्यान नासत असताना दोनदा जॅक लावायला तयार होता, पण एक टायर उघडा दिसेल म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. इतकी वर्षं संसार करून तिला हा माणूस आज पुरता दिसला, आणि जे दिसलं त्यानं तिला रडूही आलं आणि चीडही आली. चीड जास्त आली.

"जे चार हाईत, तसलाच पाचवा," ती मीरासाबला म्हणाली. "आन् केबिनच्या मागं उभा करून पट्टी मारून द्या. वर. लांबनं दिसंल असा."

"संग्रामची आई, सोमवार हाय," भाऊसो हलक्या आवाजात म्हणाला. "आबासाब काय म्हणालेत ठावं हाय न्हवं? फेरी जाईल."

"जाईल तर चाकावर जाईल. सोडल्याल्या हवेवर न्हाय."

मीरासाबनं रिमोल्ड रिमवर चढवला, पुरी हवा भरली, पोराला हाक मारायच्या ऐवजी स्वतः वेल्डिंग केलं. निघताना भाऊसोनं त्याच्या खांद्याला हात लावला. म्हाताऱ्यानं तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

सोमवारी तिघंही निघाली. भाऊसो चालवायला, शेजारी सोनूबाई, मागं हौद्यात संग्राम, त्याच्या पाठीशी तो पाचवा टायर. फुटक्याच्या जागी खाली नवाच बसवला होता, गाडी पुन्हा सरळ उभी होती. पाटाच्या वळणावर बाभळी दिसल्या आणि भाऊसोचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. इंजिन धडधडत राहिलं. सोनूबाई त्याच्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती. संग्राम पाठीमागच्या काचेतून बघत होता. भाऊसोचा हात दाराच्या दांड्यावर गेला, तिथं जरा वेळ राहिला, मग गिअरवर आला. गाडी वळणावरून पुढं गेली.

कट्ट्यावर एकही क्यान नव्हता. जीपच्या शेजारी, भाऊसोच्या रोजच्या जागेवर, कोरी करकरीत पिकअप उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पायरीवर फुटलेल्या नारळाचं पाणी अजून ओलं होतं. क्यान सगळे तिच्या हौद्यात चढले होते. स्टिअरिंगवर हंबीररावांच्या बहिणीचा पोरगा होता. ही गाडी काल-परवा मागितलेली नव्हती, एवढं कुणालाही कळलं असतं. कोरी गाडी अशी आठवड्यात दारात येत नाही. दूध नासलं नसतं तरी ती आलीच असती.

"सोमवार म्हटलोतो मी," हंबीरराव म्हणाले. त्यांची नजर केबिनमागच्या टायरवर गेली आणि तिथंच थांबली. "तू तर आणि एक चढवून आणलास."

भाऊसो खाली उतरला. सोनूबाईला वाटलं, आता हा हात जोडणार. तिनं दाराचा दांडा घट्ट धरला, कारण त्यानं हात जोडलेले तिला बघायचे नव्हते. पण भाऊसो पायरीपाशी गेला नाही. तो जीप आणि नव्या पिकअपच्या मधे जाऊन उभा राहिला. जीपच्या बॉनेटवर त्यानं एक तळहात ठेवला, तो तसाच सरळ पलीकडं नेला, आणि नव्या गाडीच्या पत्र्यावर टेकवला. मग तिथून वर वीत लावली. करंगळी ताणून, पुरी.

"आबासाब, ही वीतभर वर हाय," तो म्हणाला.

हंबीररावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी भिवया उचलल्या.

"मग? ती घरची गाडी हाय."

ते रागानं म्हणाले नाहीत. आज सोमवार आहे म्हणावं तसं म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही, आणि सोनूबाईच्या डोक्यात तिडीक गेली ती नेमकी त्यामुळं. कट्ट्यावर किटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका इकडं-तिकडं बघायला लागल्या. भाचा स्टिअरिंगवर बसून आरशात भांग नीट करत होता.

भाऊसोनं हात काढून घेतला. त्याच्या तळव्याला झेंडूची पाकळी चिकटली होती, ती त्यानं पँटला पुसली. मग तो बायकांकडं वळला. एवढ्या वर्षांत तो त्या कट्ट्यावर मोठ्यानं कधी बोलला नव्हता.

"तुमचं दूध नासलं ते माझ्या पोराच्या टायरनं न्हाय. रोज सकाळी पाटाच्या वळणावर मी चारी चाकांची हवा सोडत हुतो. जीपच्या वर दिसायला नको म्हणून. त्यानं टायर फुटला. पोराचं कायबी चुकलं न्हाय. त्याला हितं माफी मागाय लावली, ती मी लावली."

एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजे चूक तुझीच की," हंबीरराव म्हणाले.

"व्हय," भाऊसो म्हणाला. "माझीच."

तो येऊन गाडीत बसला. हौद्यात संग्राम उभा होता, टायरला धरून. त्याचा चेहरा सोनूबाईला काचेतून दिसत नव्हता, फक्त टायरवर आवळलेली बोटं दिसत होती.

खोतवाडीचंही दूध आता भाच्याकडंच जाणार, हे कुणी सांगायला नको होतं. तिथला सेक्रेटरी आबासाबांच्या पाहुण्यातला. तीन गावांतलं एक उरलं, माळवाडी. एका गावाच्या दुधावर डिझेल निघतं, घर निघत नाही. सोनूबाई वाटेत तोच विचार करत होती. वीटभट्टीवर विचारायचं, बाजारादिवशी भाजीचा माल बघायचा, संग्रामला परत ट्रॅक्टरवर जावं लागेल. भाऊसोनं फेरी टिकावी म्हणून जे जे केलं ते सगळं फुकट गेलं होतं, आणि ते न करताही फेरी गेलीच असती. ह्याचा राग कुणावर काढायचा तिला कळेना. चाकोरीत रिकामी गाडी दाणदाण उडत होती आणि भाऊसो ती हळू करत नव्हता. त्याच्या कपाळाची शीर ताणलेली होती. रागानं गाडी चालवणारा भाऊसो तिनं कधी बघितला नव्हता, म्हणून हळू चालवा असं ती म्हणाली नाही.

माळवाडीच्या संस्थेपुढं क्यान मांडून ठेवलेले होते. जोतीराम सेक्रेटरी बाहेर आला. हौदा रिकामा बघून त्यानं विचारलं, वरच्या गावाचे क्यान कुठं गेले? भाऊसोनं काय झालं ते चार शब्दांत सांगितलं. जोतीराम ऐकत गाडीभोवती फिरला, मागं आला आणि मान वर करून उभा राहिला.

"येवढी मोठी स्टेपनी? हिचं काय काम?"

भाऊसो खाली उतरून क्यानची एक बाजू धरत होता. संग्रामनं वरून दुसरी धरली.

"मोठी कुठं हाय," भाऊसो म्हणाला. "चाकायेवढीच हाय."